आधी धुवा, मग ४के करा

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, नाहीतर सेव्ह करून रात्री वाचा. पण कोल्हापूरला कलानगरी म्हणताना ज्यांची छाती फुगते, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी एवढी विनंती.

मध्यंतरी आपल्या ग्रुपवर एक फोटो फिरला. जुन्या कृष्णधवल मराठी सिनेमाचा खास खेळ, स्टेजवर फ्लेक्स, फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात '४के रिस्टोर्ड'. नारळ, शाल, दीपप्रज्वलन सगळं रीतसर. खाली अभिनंदनाचा पाऊस. दोघातिघांनी मलाही टॅग केलं, "काका, तुमच्या आवडीचा विषय!" मी अंगठासुद्धा दिला नाही. काहींना वाटलं काका जळतात. म्हणून आता सविस्तर लिहितो.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. माझे वडील इथल्याच एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. मी १९९५ पासून १८ वर्षं मुंबईतल्या एका फिल्म लॅबमध्ये नोकरी केली, त्यातली बहुतेक वर्षं क्लीनिंग रूममध्ये. म्हणजे निगेटिव्ह धुण्याच्या यंत्रावर. थिएटरं डिजिटल झाली, लॅब बंद पडली, मी गावी आलो. सिनेमाच्या नामावलीत आमचं नाव कधीच नव्हतं. दिग्दर्शक, कॅमेरामन, संकलक सगळे असतात, फिल्म धुणारा नसतो. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार दुसरीच आहे.

त्या फ्लेक्सवरच्या सिनेमाची निगेटिव्ह स्कॅनला जाण्याआधी मी पाहिली होती. निर्मात्याच्या घरच्यांनी बोलावलं होतं, "बघा तरी डब्यात काय आहे." ११ डबे होते. झाकणं गंजलेली, आत धूळ, कुठे बुरशीचे ठिपके, जुन्या जॉइंटांना लावलेल्या टेपचा चिकटा बाहेर आलेला. पण आंबूस वास अगदी थोडा. फिल्म आक्रसलेली नव्हती, कडा शाबूत होत्या. खरं सांगतो, साठ वर्षांच्या मानाने नशीबवान निगेटिव्ह. मी त्यांना म्हटलं, "घाई करू नका. आधी एकेक रीळ टेबलवर तपासा, जॉइंट नवे करा, मग यंत्रात धुवा, आणि मगच स्कॅनरवर चढवा."

त्यांनी एका कंपनीचं कोटेशन दाखवलं. स्कॅनिंगचा दर तासावर. रंगसंगती, ध्वनी, हार्ड डिस्क, सगळ्याचे वेगळे आकडे. आणि एका ओळीत लिहिलेलं, "फिल्म क्लीनिंग : समाविष्ट". बस, एवढंच. मी त्या कंपनीच्या माणसाला फोन लावला. कुठलं यंत्र वापरता विचारलं. पोरगा प्रामाणिक होता. म्हणाला, "यंत्र नाही सर, मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसून घेतो."

साठ वर्षांची निगेटिव्ह. कोरडं फडकं. फडक्यात अडकलेला एक वाळूचा कण पुढच्या शंभर फुटांवर रेघ ओढत जातो, हे त्या पोराला कुणी शिकवलंच नव्हतं. त्याचा काय दोष?

पुढचं ऐका. स्कॅन झालं. घाण होती तशीच ४के मध्ये उतरली. मग ती काढायला संगणकाचा झाडू फिरवला. हे सॉफ्टवेअर काय करतं? एका चौकटीत ठिपका दिसला आणि आधीच्या व पुढच्या चौकटीत तो नसला, तर तो कचरा समजून पुसून टाकतं आणि शेजारच्या चौकटीतला तुकडा तिथे भरतं. हुशार आहे, नाही म्हणत नाही. पण त्या सिनेमात जोतिबाच्या यात्रेचा प्रसंग आहे. सासनकाठ्या नाचतायत, गुलाल आणि खोबऱ्याची उधळण चाललीय. उधळलेला गुलाल म्हणजे काय? एका चौकटीत इथे, दुसऱ्या चौकटीत तिथे. सॉफ्टवेअरने गुलाल कचरा म्हणून पुसला!

मी खेळाला गेलो होतो. पडद्यावर माणसं हात वर करून काहीतरी फेकतायत आणि हवेत काहीच नाही. खोबऱ्याचे तुकडे अर्ध्या वाटेत गायब. शेजारी बसलेला तरुण मुलगा म्हणाला, "काय क्लीन प्रिंट आहे ना!" मी त्याला काय सांगणार? त्याने आधीचं पाहिलंच नाही. यापुढे कुणी पाहणारही नाही, कारण आता हीच आवृत्ती यूट्यूबवर जाईल, टीव्हीवर जाईल, आणि पन्नास वर्षांनी लोक म्हणतील त्या काळी जोतिबावर गुलाल नुसता खाली पडलेला असायचा, उधळत नसत.

माझा राग हा आहे.

आता यंत्राचं सांगतो, कारण विषय कळला तर राग कळेल.

३५ मिमी फिल्मच्या चौकटीची रुंदी साधारण २२ मिमी. ती ४० फुटी पडद्यावर फेकली की सुमारे साडेपाचशे पट मोठी होते. दाढीच्या खुंटाएवढा, म्हणजे ०.१ मिमीचा धुळीचा कण पडद्यावर दोन इंचांचा धोंडा होतो. निगेटिव्हवर धूळ असेल तर प्रकाश तिथे अडतो आणि पॉझिटिव्हमध्ये तो पांढरा ठिपका होऊन चमकतो. जुन्या सिनेमात 'पाऊस पडतोय' असं आपण म्हणतो ना, त्यातला बराचसा पाऊस रेघांचा आणि धुळीचा असतो.

घाण एका प्रकारची नसते. सुटी धूळ वेगळी, तेलाचा आणि बोटांचा चिकटा वेगळा, टेपचा गोंद वेगळा, बुरशी वेगळी. सुट्या धुळीसाठी मऊ पॉलियुरेथेनचे चिकट रूळ असतात. फिल्म त्यांच्यामधून जाते, रूळ धूळ उचलून घेतो. रूळ पाण्याने धुवा, परत वापरा. साधी गोष्ट आहे. पण चिकटलेली घाण रुळाने निघत नाही. तिथे ध्वनिलहरींचं यंत्र लागतं, ज्याला आम्ही लॅबमध्ये नुसतं 'अल्ट्रासॉनिक' म्हणायचो.

कपाटाएवढं यंत्र. एका बाजूला रीळ लावायचं. फिल्म रुळांवरून द्रावणाच्या टाकीत उतरते. टाकीच्या तळाशी कंपनं करणारे घटक असतात, सेकंदाला ४० हजारांच्या आसपास. कानाला ती ऐकू येत नाहीत, पण त्यांनी द्रावणात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि फिल्मच्या पृष्ठभागाशी फुटतात. प्रत्येक बुडबुडा फुटताना घाणीला एक टिचकी मारतो. फडकं नाही, ब्रश नाही, घासणं नाही. वर येताना स्वच्छ द्रावणाचे फवारे उरलंसुरलं काढतात, हवेचे झोत फिल्मवरचं द्रावण मागे ढकलतात, पुढे गाळलेल्या कोमट हवेच्या कपाटात फिल्म वाळते आणि दुसऱ्या बाजूला रिळावर गुंडाळली जाते. वापरलेलं द्रावण गाळून परत टाकीत. सगळा वेळ फिल्मवरचा ताण एकसारखा ठेवावा लागतो. ताण वाढला तर जॉइंट सुटतो, कमी झाला तर फिल्म टाकीत गोळा होते. दोन्ही प्रकार मी पाहिलेत, एक माझ्या हातूनही घडलाय. त्या रात्री जेवण गेलं नाही.

पाण्याने का धुवत नाही, असं विचाराल. कारण फिल्मवरचा चित्राचा थर जिलेटिनचा असतो. पाण्यात तो फुगतो. त्यात बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात सरळ विरघळून वाहून जातं, चित्रासकट. म्हणून द्रावण, आणि म्हणून यंत्र चालवणाऱ्याला आधी प्रत्येक फूट बोटाखालून घालावा लागतो. पाण्याने धुण्याचं काम वेगळं असतं, ते वेगळ्या यंत्रात, वेगळ्या रसायनांच्या साथीने, आणि त्याची वेळ कधी येते हे अनुभवी माणूसच ठरवतो.

आमचं यंत्र मिनिटाला साधारण ५० फुटांवर चालायचं. दोन तासांचा सिनेमा म्हणजे सुमारे १०,८०० फूट. हिशेब करा, साडेतीन-चार तासांचं काम. तपासणी आणि जॉइंट धरून आठवडा म्हणू. आणि तेच काम टाळून घाणेरडं स्कॅन केलं तर संगणकावर बसलेल्या पोरांना १,७२,८०० चौकटी बघायच्या असतात. त्या कोण बघतो? म्हणून मग बटण दाबून आपोआप झाडू फिरतो आणि गुलाल जातो.

"काका, आता इन्फ्रारेडने धूळ आपोआप ओळखता येते." हे मला दोघांनी ऐकवलंय. बरोबर आहे, रंगीत फिल्मला. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेड प्रकाशाला आरपार जाऊ देतात आणि धूळ अडवते, म्हणून धुळीचा नकाशा मिळतो. पण कृष्णधवल फिल्ममध्ये चित्रच चांदीच्या कणांचं असतं. चांदीही इन्फ्रारेड अडवते. म्हणजे यंत्राला चित्र आणि धूळ सारखीच. आता सांगा, आपल्या कोल्हापूरची पुण्याई कुठली? बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी, १९२९ ला इथेच सुरू झालेली प्रभात, भालजींचा जयप्रभा. सगळी पुण्याई कृष्णधवल. म्हणजे जिथे इन्फ्रारेडची युक्ती चालत नाही, नेमकं तिथेच आपण धुण्याला फाटा देतोय.

आता दुसरी बाजू, नाहीतर म्हणाल काका नुसते यंत्राचे गोडवे गातात.

वडील फिल्म पुसायचे मखमलीच्या तुकड्याने. मखमल 'सीटीसी'त भिजवायची, म्हणजे कार्बन टेट्राक्लोराइड. यकृताला विष. बंद केबिन, कार्बनच्या दिव्याची उष्णता आणि हातात ती मखमल. त्यांना कुणी हातमोजे दिले नाहीत. ते ५८ व्या वर्षी यकृताच्या आजाराने गेले. कशाने झालं हे आज कुणी सिद्ध करू शकत नाही, मीही तसा दावा करत नाही. पण तो वास मला अजून आठवतो. गोडसर.

लॅबमध्ये आमच्या यंत्रात आधी १,१,१-ट्रायक्लोरोइथेन होतं. ते ओझोनच्या थराला घातक, म्हणून माँट्रियल कराराखाली जगभरातून बाद होत गेलं. मग आलं परक्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनिंगवाल्यांकडे असतं तेच. साफ उत्तम करतं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने ते 'माणसात बहुधा कर्करोग घडवणारं' या गटात ठेवलंय. आमच्या खोलीतला एक्झॉस्ट पंखा वर्षातले निम्मे दिवस बंद. दुपारनंतर डोकं जड व्हायचं, आम्ही म्हणायचो "चढली". हसायचो त्यावर. आज हसू येत नाही. नंतर हायड्रोफ्लुरोइथर नावाची त्यामानाने सौम्य द्रावणं आली, पण ती पर्यावरणात न विघटणाऱ्या रसायनांच्या मोठ्या कुटुंबातली. थ्रीएम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की २०२५ च्या अखेरीपर्यंत त्या कुटुंबातल्या रसायनांचं उत्पादन आपण सोडणार. म्हणजे पुढचं द्रावण कोणतं, हा प्रश्न जगभरच्या संग्रहालयांसमोर आहे.

हे सगळं लिहिण्याचं कारण असं, की "एक मशीन घेऊन टाका" एवढी माझी मागणी नाही. मशीन घ्या, पण मशीनसोबत एक्झॉस्ट घ्या, हातमोजे घ्या, प्रशिक्षित माणूस घ्या, त्याची दरवर्षी तपासणी करा. नाहीतर वारसा वाचवायच्या नादात चार पोरांची फुप्फुसं खर्ची पडायची.

आता नेहमीचे आक्षेप.

पहिला आक्षेप, "पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे की." आहे. १९६४ पासून आहे. पी. के. नायर साहेबांनी गावोगाव हिंडून डबे गोळा केले नसते तर आज आपल्याकडे फाळकेही उरले नसते. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान चालू आहे, २०२२ मध्ये ३६३ कोटींची आणि २,२०० सिनेमांची घोषणा झाली. हे मोलाचं काम आहे आणि मी त्याला नावं ठेवत नाही. पण ते संग्रहालयात पोचलेल्या फिल्मसाठी. जे डबे पोचलेच नाहीत त्यांचं काय? आपल्या पेठांतल्या माळ्यांवर, बंद टॉकीजच्या जिन्याखाली, वारसांच्या भांडणात कुलूप लागलेल्या खोल्यांत जे पडलंय, त्याचं काय? लॅबा बंद पडल्या तेव्हा "आपला माल घेऊन जा" अशी पत्रं आली होती. ज्यांनी नेला त्यांनी माळ्यावर टाकला. ज्यांनी नेला नाही त्यांचा कुठे गेला ते विचारू नका.

दुसरा आक्षेप, "जुने सिनेमे बघतो कोण?" १९७६ चा 'मंथन' गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून बनवला होता. तो नीट दुरुस्त करून २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने ते काम केलं. लोकांनी बघितला, थिएटरात पुन्हा लागला. धुऊनपुसून, मन लावून केलं तर बघणारे असतात. घाईत केलं तर शालीचा फोटो उरतो.

तिसरा आक्षेप, आणि हा खरा आहे, "पैसा कुठून आणायचा?" असं यंत्र महाग आहे, बाहेरून आणावं लागतं, मान्य. पण त्याचा खर्च एखाद-दोन कोटींच्या घरातला, शेकडो कोटींचा नव्हे. आणि सगळी कामं यंत्राची नसतात. दोन रिवाइंड टेबलं, प्रकाशपेटी, भिंग, जॉइंटर, चिकट रूळ आणि दोन शिकलेली माणसं, एवढ्यावर अर्धं काम होतं. आपल्याकडे मराठी सिनेमाला सरकार अनुदान देतं. नवीन सिनेमा निघावा म्हणून देतं, चांगलंच आहे. मग निघालेला सिनेमा टिकावा म्हणून त्यातला वाटा का नसावा?

मुळात कायद्यातच भोक आहे. पुस्तक छापलं की १९५४ च्या कायद्याने त्याच्या प्रती ठरलेल्या ग्रंथालयांत द्याव्या लागतात. सिनेमाला तसं बंधन नाही. ज्याची इच्छा असेल तो देतो. ज्याची नसेल त्याचा डबा माळ्यावर.

आणि आपण काय काय घालवलंय ते आठवा. 'आलम आरा', पहिला बोलपट, १९३१. एकही प्रत नाही. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश', ज्यात शांतारामबापू तरुण शेतकरी होते, तो मूकपट आज बघायला मिळत नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले, त्यातले उरले ते बोटांवर मोजण्यासारखे, तेही बरेचसे तुकड्यांत. जानेवारी २००३ ला पुण्यात आग लागली आणि प्रभातच्या वारशासकट कितीतरी नायट्रेट फिल्म जळाली. कित्येक फिल्मा तर आपणच चांदी काढायला विकल्या. आंघोळीच्या बंबात घालण्याची तेवढी बाकी होती.

तरी आपण शहाणे झालोय का? २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आपल्याच शहरात एका गोदामात फिल्मचे डबे बुडाले. पाणी ओसरल्यावर मालकाने काय केलं? डबे उघडून रिळं गच्चीवर उन्हात ठेवली. त्यांची चूक नाही, भिजलेलं उन्हात टाकायचं हेच आपल्याला माहीत. मला चौथ्या दिवशी फोन आला. गेलो तर रिळांच्या विटा झालेल्या. ओलं जिलेटिन वाळताना एकमेकांना चिकटतं आणि मग जगातलं कुठलंही यंत्र ते सोडवू शकत नाही. भिजलेली फिल्म वाळू द्यायचीच नसते, थंड स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवायची आणि तशीच जाणकाराकडे न्यायची. हे एक वाक्य पुराच्या आधी त्या माणसाला कुणी सांगितलं असतं तर सहा रिळं वाचली असती. काय होतं त्यात? लग्नाचं नव्हे, जाहिरातीचं नव्हे. एका ग्रामीण सिनेमाची निगेटिव्ह, जिची दुसरी प्रत मला आजवर कुठे सापडलेली नाही. २०२१ ला पंचगंगेने पुन्हा दाखवून दिलं की ती परत येणार आहे. आपली तयारी काय? शून्य.

म्हणून माझ्या मागण्या. मोजक्या आहेत, जमण्यासारख्या आहेत.

१) सरकारी पैशातून किंवा लोकवर्गणीतून कुठल्याही सिनेमाचं स्कॅनिंग होणार असेल, तर निविदेत 'क्लीनिंग : समाविष्ट' ही ओळ चालणार नाही. तपासणी, दुरुस्ती आणि धुणं यांचा वेगळा दर, यंत्राचा प्रकार, द्रावणाचं नाव आणि प्रत्येक रिळाचा लेखी अहवाल. अहवाल नाही तर बिल नाही.

२) मोरेवाडीच्या चित्रनगरीत एक तपासणी आणि स्वच्छता केंद्र. सुरुवात दोन टेबलांनी आणि थंड, कोरड्या खोलीने करा. यंत्र दुसऱ्या वर्षी आणा. पण सुरुवात करा. चित्रनगरीत नुसते सेट उभारून वारसा होत नाही.

३) लॅबमध्ये काम केलेली माणसं अजून जिवंत आहेत. बहुतेक साठीच्या पुढे. कुणी वॉचमन आहे, कुणी रिक्षा चालवतो, कुणी माझ्यासारखा घरी बसून पोस्टी लिहितो. त्यांच्याकडून दहा-वीस पोरं शिकवून घ्या. दहा वर्षांनी यंत्र असेल आणि चालवणारा नसेल.

४) काम करणाऱ्याची सुरक्षा करारात लिहा. एक्झॉस्ट बंद तर यंत्र बंद.

५) अनुदान घेतलेल्या प्रत्येक मराठी सिनेमाची प्रत संग्रहालयात जमा झाल्याशिवाय शेवटचा हप्ता सोडू नका. डिजिटल सिनेमाचीसुद्धा. हार्ड डिस्क काय अमर असते?

६) आणि ही तुमच्याआमच्यासाठी. घरात, ओळखीत कुठे डबे असतील तर भंगारात देऊ नका. उन्हात ठेवू नका. कोरड्या फडक्याने पुसू नका. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते डबे बाकीच्यांपासून लांब ठेवा, तो वास म्हणजे फिल्म कुजायला लागलीय आणि ती शेजाऱ्यांनाही बिघडवते. आणि स्कॅन झालं म्हणून निगेटिव्ह फेकू नका! आज वाईट स्कॅन झालं तर उद्या चांगलं होऊ शकतं, निगेटिव्ह असेल तरच.

त्या जोतिबाच्या सिनेमाचंही तेच आहे. निगेटिव्ह अजून आहे. मी त्या घरच्यांना भेटून आलो. वाईट वाटेल म्हणून भीत भीत सांगितलं की गुलाल गेलाय. घरातल्या आजी, निर्मात्याच्या सूनबाई, वय ऐंशीच्या पुढे, शांत ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं माझ्याच डोळ्यांना दिसंना झालंय. शूटिंगला आमच्याच घरनं दोन पोती गुलाल गेला होता." नातवाने मान खाली घातली. म्हणाला, पुन्हा खर्च कसा करायचा.

तेव्हा तो फ्लेक्स लावणाऱ्यांना, शाल देणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना माझा एकच सवाल आहे. सोहळ्याला पैसे जमले, मग चार तास धुवायला का नाही जमले? उत्तर देणार असाल तर इथेच कमेंटमध्ये द्या. मी उत्तरं देईन, फक्त वैयक्तिक शिवीगाळ करणाऱ्यांना ब्लॉक करेन, आधीच सांगतो.

खरी कॉर्नरच्या कॅमेरा स्तंभाला आपण दरवर्षी हार घालतो. घालूया, जरूर घालूया. पण त्या कॅमेऱ्याने जे टिपलं ते माळ्यावर धूळ खातंय. एका वर्षीचा हार कमी करा आणि एक रीळ धुवा.

आणि मंडळी, कुणाकडे डबे असतील तर इनबॉक्स करा. मी फुकट तपासून देईन. भिंग आणि हातमोजे माझे. फक्त डब्याला हात लावायच्या आधी मला फोन करा.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर भांडा, पण विषय सोडू नका.